न थांबणारं कार्ड

क्लीटच्या दुकानात हातमोज्यांपासून साखळीच्या तेलापर्यंत मोटरसायकलवाल्यांना लागणारं सगळं मिळतं, पण रॉइस अर्धा तास मेमरी कार्डांपुढेच उभा होता. एक पाकीट उचलायचा, त्यावरचे बारीक आकडे वाचायचा, परत खुंटीला अडकवायचा.

"कार्ड घेतोयस की बायको शोधतोयस?" गल्ल्यावरून क्लीट ओरडला.

"मधेच थांबणार नाही असं दे."

क्लीटचं हसू मावळलं. टेलिको प्लेन्स गावात गेल्या ऑक्टोबरची गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती? रॉइस आणि त्याचा धाकटा भाऊ डेनी चेरोहालाच्या घाटातून उतरत होते. रॉइस पुढे, डेनी मागे. एका उजव्या वळणाच्या कडेला खडी सांडली होती. रॉइस त्यातून सहीसलामत निसटला. डेनीची गाडी घसरली, कठड्यावर आदळली, आणि तो तिथेच संपला.

खडी दिसली की पुढच्याने उजवा पाय बाहेर काढून दाखवायची आणि मागच्याने ती खूण आणखी मागे पोचवायची, हा इथल्या स्वारांचा रिवाज. डेनी तर पाय इतका खाली न्यायचा की टाच रस्त्याला खर्रकन घासायची. त्याचा उजवा बूट नेहमी आधी झिजायचा. रांगेत सगळ्यात शेवटी असला तरी तो पाय काढायचाच.

"तुझ्या मागे कोण आहे रे?" रॉइस चिडवायचा.

"असेल कोणी," डेनी म्हणायचा.

डेनीला पुरलं त्या दिवशी त्याच्या बायकोने, लोरेटाने, एकच विचारलं होतं. "तू पाय काढला होतास ना, रॉइस?" तो "हो" म्हणून मोकळा झाला होता. खरं तर त्याला काही आठवत नव्हतं. हेल्मेटच्या हनुवटीवरच्या कॅमेऱ्याने खरंखोटं केलं असतं, पण त्यातलं कार्ड स्वस्तातलं आणि मंद. वळणाच्या चार मिनिटं आधीच ते थांबलं होतं. हे कळलं तेव्हा रॉइसला हायसं वाटलं होतं, आणि आपल्याला हायसं वाटलं याचीच टोचणी त्याला सहा महिने लागली होती. घरात त्याचा पाय ठरत नसे; हिवाळाभर तो एकटाच गाडी घेऊन भटकला होता.

आता त्याने एक युक्ती काढली होती. एकट्यानेच रोज गाडी काढायची, सगळं टिपायचं, आणि मागे कोणी नसतानाही खडी दिसल्यावर आपला पाय आपोआप निघतो का ते घरी येऊन बघायचं. निघत असेल, तर त्या दिवशीही निघाला असणार. क्लीटने दिलेलं छोटं, वेगवान कार्ड त्याने कॅमेऱ्यात घातलं, नवं असूनही शिरस्त्याप्रमाणे आधी त्यातलं सगळं पुसून घेतलं आणि घाटात चक्कर मारून आला.

घरी लॅपटॉपवर लावलं, तर पहिलंच चित्रण त्याचं नव्हतं. झाडं लालपिवळी होती. बाहेर एप्रिल, फांद्यांना जेमतेम पालवी फुटलेली, आणि पडद्यावर रस्ताभर वाळकी पानं. लांब पुढे एक निळी मोटरसायकल चालली होती. दीड मिनिटाने चित्र संपलं. त्यानंतर त्याची आजची फेरी होती, त्यात खडीपाशी त्याचा पाय दोनदा बाहेर निघालेला होता. पण त्याने त्याचं समाधान झालं नाही.

दुसऱ्या दिवशी तो क्लीटवर उखडला. "वापरलेलं कार्ड माझ्या गळ्यात मारतोस?"

"आईची शपथ, सीलबंद होतं. हे घे, वेगळ्या कंपनीचं. तुझ्यासमोर कापतो."

क्लीटने कात्रीने पाकीट कापलं. रॉइसने तिथेच ते कॅमेऱ्यात पुसलं, दोनदा.

संध्याकाळी पडद्यावर पुन्हा ऑक्टोबर आला. चित्र काल जिथे संपलं होतं, बरोबर तिथूनच सुरू झालं. या वेळी निळी गाडी जवळ होती. स्वाराच्या जॅकेटला डाव्या खांद्यावर ठिगळ होतं. ते ठिगळ रॉइसने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. तो स्वतःचीच पाठ बघत होता.

डेनीकडे कॅमेरा कधीच नव्हता. "मला कशाला? तू टिपतोयस की," असं तो म्हणायचा.

पुन्हा दीड मिनिट झालं आणि चित्र थांबलं. रॉइस उठला, खोलीत येरझाऱ्या घालू लागला. पहिलं चित्रण त्याचं जुनं कार्ड थांबलं तिथूनच सुरू झालं होतं, हे आता त्याच्या लक्षात आलं. चारांतली तीन मिनिटं सरली होती. पुढच्या कार्डात वळण येणार होतं.

"आता काय?" तिसऱ्या दिवशी क्लीटने दबकत विचारलं. त्याने दोन पाकिटं पुढे ठेवली. "हे पहिल्यासारखं, छोटं. आणि हे पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांत घालतात. महिनोन्‌महिने लिहितं, थांबत नाही. तुला किती बघायचंय त्यावर आहे."

रॉइसचा हात छोट्याकडे गेला. मग त्याने दुसरं उचललं.

या खेपेला तो घरी गेला नाही. कॅमेरा चालू ठेवून तो थेट लोरेटाकडे गेला. हे एकट्याने बघायची त्याची छाती नव्हती, आणि एकट्याने बघायचा हक्कही नव्हता. तिने न विचारता कॉफी ओतली. त्याने सगळं सांगितलं. ती हसली नाही, रडलीही नाही. "लाव," म्हणाली आणि आपला लॅपटॉप पुढे सरकवला.

ऑक्टोबर. निळी गाडी. ठिगळ. मग ते उजवं वळण आलं, आणि कडेची करडी खडी लांबूनही स्पष्ट दिसली.

पुढचा स्वार वाकला आणि खडीला वळसा घालून गेला. त्याचा पाय जागचा हलला नाही.

"नाही काढला," रॉइस म्हणाला. "लोरेटा, मी नाही काढला."

ती पडद्याकडेच बघत होती. "हे पडत का नाही?"

खरंच. चित्र जरा डगमगलं, सावरलं आणि वळण पार करून गेलं. निळ्या गाडीच्या मागोमाग चालतच राहिलं.

लोरेटाने ते पुढे पळवलं. पानं गळाली. रस्त्याकडेला बर्फ साठला, वितळला. पालवी आली. रॉइसच्या एकट्याच्या फेऱ्या, सगळ्या पाठीमागून. एका वळणावर रॉइसचा उजवा पाय बाहेर निघाला.

चित्राच्या खालच्या कोपऱ्यातून एक तपकिरी बूट बाहेर आला. हिरवी नाडी, मधे गाठ मारलेली.

"ती गाठ मी मारली होती," लोरेटा म्हणाली.

शेवटी तिच्याच घराचं फाटक आलं, आजच्या उन्हातलं. रॉइस गाडी उभी करून पायऱ्या चढला. चित्र अंगणातच थांबून राहिलं.

दोघंही खिडकीकडे वळली नाहीत.

"सहा महिने खोटं बोललास," ती म्हणाली.

"हो."

"जा आता." तो दाराशी पोचला तेव्हा ती पुन्हा बोलली. "फाटकाशी खडी आहे. पाय काढ."

रॉइसने गाडी सुरू केली. दुपार होती, रस्ता मोकळा होता, आरशांत कोणी नव्हतं. फाटकाशी आल्यावर त्याने उजवा पाय पूर्ण बाहेर काढला आणि मागच्याला दिसेल इतका वेळ तसाच धरून ठेवला.

मागे टाच खर्रकन घासली.

मग त्या टाचेच्याही मागे, जरा लांब, आणखी एक.