फोनवर रडलं कोण

कऱ्हाडच्या विश्राम घाडग्यांच्या दारात मांडव पडला होता. मुलगी ओवी जनावरांची डॉक्टर झाली होती. ज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या राखल्या, त्यातली ही पहिली पदवी. कौतुकाला विश्रामची थोरली बहीण हौसाक्का आणि धाकटा भाऊ जालिंदर येणार होते. आई गेल्यापासून दोघांनीही या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

बोलावणं मात्र विश्रामनं केलं नव्हतं. ते प्रतिवाणीनं केलं होतं. प्रतिवाणी म्हणजे कानात बसणारं बोराएवढं यंत्र. मालकाचं वर्षानुवर्षांचं बोलणं ऐकून ते त्याच्याच आवाजात, त्याच्याच ढंगात फोन करी. वीजबिलाची तक्रार असो की लग्नाचं आमंत्रण, हल्ली घरोघरी तेच बोले. विश्राम त्याला एवढंच म्हणाला होता, "काहीही बोल, पण पोरीच्या कौतुकाला दोघंही आली पाहिजेत." दुसऱ्या दिवशी कानात उत्तर आलं, "दोघंही येणार." काय बोलणं झालं हे त्यानं विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही, हे जास्त खरं.

जालिंदर आधी आला. विश्राम समोरच उभा होता, पण जालिंदर बोलला ओवीशी.

"ओवे, तुझ्या बापाला सांग, मांडव बरा घातलाय."

"अप्पा, काका म्हणतात मांडव बरा घातलाय."

"त्याला म्हणावं, बस."

"काका, बसा म्हणतात." ओवीला हसू आवरेना. "एवढी वर्षं मुक्या जनावरांत काढली मी. तुमच्यापेक्षा ती बरी!"

मग रिक्षातून हौसाक्का उतरली. हातात पाण्यानं भरलेला तिचा तांब्या होता. या दारचं पाणी पिणार नाही, अशी तिनं शपथ घेतली होती, आणि आक्काची शपथ म्हणजे दगडावरची रेघ. पण ती सरळ विश्रामकडे आली, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

"किती रडलास रे फोनवर. माझा समदा राग वाहून गेला बघ."

 विश्रामनं नुसती मान हलवली.

आक्कानं ओवीला ओवाळलं, पेढा भरवला. सगळे बसल्यावर ती म्हणाली, "विश्राम, फोनवर बोललास ते आता जालिंदरच्या म्होरं बोल. मला सांगावा आलाच न्हवता, ह्ये माझं बोलणं त्यानं खरं मानलं आन् माझ्यापायी तुझ्याशी अबोला धरला. पोरीलाबी कळू दे."

विश्राम पाण्याच्या टाकीकडे वळल्यासारखं करून पुटपुटला, "तू काय बोललास तिला?"

कानात त्याचाच आवाज उमटला. "आईच्या शेवटच्या आजारात तुम्ही मला म्हणाला होतात, ‘आक्काला कळवू नको. सगळं मी करतो आणि आई नाव तिचं घेते.’ तेच मी सांगितलं. दुसऱ्या कशानंही ती आली नसती. पुढची वाक्यं सांगू? तुम्ही फक्त मागं म्हणा."

ही गोष्ट त्यानं माणसाला कधी सांगितली नव्हती. यंत्र ऐकतंय हे तो विसरला होता. जगाला त्यानं सांगितलं होतं, "कळवलं, पण आक्का आली नाही." ओवी तेच ऐकत मोठी झाली होती. आता ती त्याच्याकडे बघत होती.

विश्रामनं कानातलं यंत्र काढून सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"आक्का, फोनवर मी नव्हतो. प्रतिवाणी होती."



"मग माझ्यापाशी रडलं कोण?"

 खाली बघत, अडखळत विश्राम बोलू लागला. "पण ते बोललं ते खरं आहे. आई सारखी म्हणायची, हौसा आली का? मला सोसवत नव्हतं. तुला कळवू नको असं मीच म्हणालो. ती दाराकडे बघत गेली." एवढं बोलून झालं तरी डोळ्यांना पाणी आलं नाही. त्याचीही त्याला लाज वाटली.

"दादा, तू मुद्दाम?" जालिंदर म्हणाला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलला, आणि विश्रामला वाटलं, अबोला बरा होता.

आक्कानं तांब्याची कड चाचपली. "फोनवरचा चांगला रडत व्हता," ती म्हणाली. कोणी हसलं नाही.

ओवी उठली. बापाकडे न बघता आत गेली आणि घरातल्या माठातलं पाणी आणून तिनं आत्यापुढे ठेवलं. आक्कानं पेला उचलला. ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबली.

"मी ज्याला माफ केलं, त्यो तर तुझ्या खिशात हाय," ती म्हणाली. "आता तुझं काय करू रे, विश्राम?"