धारखोऱ्यातला घोडेवाला

"अरे, चुना सांडून राहिला न! बादली सरळ धर!" सरला ओरडली.

"मी सरळच धरून राहिलो. वाटच तिरपी आहे, तिले सांग!" दिलीप म्हणाला.

दिवाळी आटोपली होती आणि शाळा उघडायला अजून आठ दिवस होते. सौसरला आठवीत शिकणारी सरला रामाकोन्याजवळ मामाच्या गावी आली होती. दिलीप तिचा मामेभाऊ. यंदा आपण वर्ल्ड कप जिंकल्यापासून तो हातात येईल तो दगड बॉलसारखा भिरकावत असे. शेजारचा श्रीधर अंगाने काडी, पण डोक्याने वकील. त्याची दहा वर्षांची बहीण वत्सला हिला 'तू नको येऊ' म्हटलं की ती सगळ्यांच्या आधी दारात चपला घालून उभी!

ही चौकडी दिवाळीच्या रंगरंगोटीतून उरलेला चुना घेऊन धारखोऱ्यात निघाली होती. धारखोरं म्हणजे गावाबाहेरची दरी. दोन्ही बाजूंना काळे कडे, मधून नदी, वर चढायला कुणा जुन्या काळच्या माणसांनी रचलेल्या दगडी पायऱ्या आणि शेवटी तीन ताड उंचीचा धबधबा.

दरवर्षी शाळेची सहल कुठेतरी लांब जायची. यंदा सरलाने भर वर्गात सांगितलं होतं, "गुरुजी, आमच्या मामाच्या गावची दरी एकदा पाहा तरी!" सगळा वर्ग हसला. प्रभाकर गुरुजी मात्र हसले नाहीत. "वाट आखून ठेव. दिवाळीच्या सुट्टीतल्या शेवटच्या शनिवारी साठ मुलं घेऊन येतो. एकही चुकायला नको," ते म्हणाले. तेव्हापासून सरलाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

प्रत्येक वळणावर एका दगडावर चुन्याचा गोल काढत ते चढत होते. अकरा गोल झाले, त्यातला एक धबधब्यामागच्या कपारीतल्या खडकावर. बारावा आणि शेवटचा धबधब्याच्या माथ्यावर, घोडेवाल्याच्या दगडावर!

घोडेवाला हे धारखोऱ्याचं खरं वैभव. कमरेइतक्या उंच शिळेवर घोड्यावर बसलेला वीर कोरलेला होता. हातात तलवार, वर एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र. तो कोण, कुठे लढला, कुणालाच ठाऊक नव्हतं. गावातलं कुणी इकडे फिरकतही नसे. त्याचं तोंड माळाकडे होतं. खालून चढणाऱ्याला त्याची नुसती सपाट पाठ दिसायची.

"पाठीवरच गोल काढते," सरला म्हणाली. "खालून येणाऱ्याले दुरून दिसला पाहिजे. मंग पुढं येऊन पाहिलं, का सगळ्यांचे डोळे पांढरे!"

तिने स्वतःच्या हाताने ऐटीत मोठा थोरला गोल काढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी फिकट झालेल्या गोलांवर पुन्हा हात फिरवायला चौघे निघाले, तर दरीच्या तोंडाशीच वत्सला थबकली.

"पहिला गोल कुठं गेला?"

"पुसला असन," दिलीप म्हणाला.

"गोल पुसला असन, पण दगड कोणी पुसला?"

खरंच की! तिथे दगडच नव्हता. दुसराही नाही, तिसराही नाही! पायऱ्यांमधली गोल काढलेली पायरी उपटून नेलेली होती आणि तिथे दात पडल्यासारखी खाच दिसत होती. आजूबाजूचे शेकडो दगड मात्र जागच्या जागी!

"चोर आपलेच दगड शोधून राहिला," श्रीधर हळूच म्हणाला. "ज्याले चुना, तोच गायब."

सरला तशीच वर धावली. धापा टाकत माथ्यावर पोचली आणि मटकन खाली बसली. घोडेवाल्याच्या जागी ओल्या मातीचा खड्डा होता. कडेने माळावर बैलबंडीच्या चाकांच्या ताज्या चाकोऱ्या आणि शेण पडलेलं होतं.

"चला!" दिलीपने तिला हात देऊन उठवलं. "शेण अजून ओलं आहे. बंडी लांब नसन गेली!"

चाकोऱ्या थेट नदीच्या उतारावर निघाल्या. तिथे रपट्याचं, म्हणजे पाण्यालगतच्या बुटक्या पुलाचं काम चालू होतं. दगडांचा ढीग पडला होता आणि शेजारी फोडलेली गिट्टी. गिट्टीतल्या एका तुकड्यावर अजून चुन्याचा अर्धा गोल होता. ती पायरी होती! ढिगाच्या कडेला घोडेवाला पालथा पडला होता आणि पाठीवरचा गोल आकाशाकडे बघत होता.

दगडफोडे भाकरी खात बसले होते. ताडपत्रीच्या तंबूत गुणवंता मुकादम खाटेवर पसरला होता. कानाशी ट्रान्झिस्टर, त्यावर क्रिकेटची कॉमेंट्री.

"मुकादमजी, तो दगड नका फोडू!" सरलाने हात जोडले. "त्याच्या पोटावर घोडा आहे!"

"दगडाच्या पोटावर घोडा? मंग बैलाच्या शिंगावर रेलगाडी असन!" मुकादम खो खो हसला.

"उलटून त पाहा!"

"चार माणसं लागतात उलटवाले. चुना लागला न, का तो माल कामाचा! म्या सोता दरीत जाऊन एकेका दगडाले निशाणी केली. जा, खेळा तिकडं. जेवण झालं का पहिला घण त्याच्यावरच!" त्याने कूस बदलली.

सरला थक्क झाली. निशाणी यानं केली? धादांत खोटं! आणि त्याहून वाईट म्हणजे, निशाणी तिने स्वतः केली होती. ज्याचा एवढा अभिमान, त्यालाच तिने घणाखाली आणलं होतं. तिला रडूच कोसळलं.

नदीवर बैलांना पाणी पाजणाऱ्या भिवाजी बंडीवाल्याला तिची दया आली. तो पलीकडच्या गावचा होता.

"पोरी, दगड पारखून चुना लावाचं काम मुकादमाचं. आमाले नुसता हुकूम आहे," तो म्हणाला. "चुना दिसला का उचलायचा. उगंच डोकं चालवाचं नाही, असं मुकादमच म्हणते. तीन वाजता इंजिनीयर साहेब काम पाहाले येतीन, त्यायले सांग."

"तीन वाजता? तवरक त घोड्याची गिट्टी होईन!" दिलीप म्हणाला.

श्रीधर बादलीतल्या चुन्याकडे बघत होता. मग तंबूकडे. ताडपत्रीच्या कडा उडू नयेत म्हणून त्यावर सगळीकडून आठ मोठे धोंडे ठेवलेले होते.

"चुना दिसला का उचलायचा," तो पुटपुटला. "डोकं चालवाचं नाही. व्वा!"

सरलाने डोळे पुसले. तिच्या ध्यानात आलं.

ती एका बाजूने आणि वत्सला दुसऱ्या बाजूने तंबूभोवती रांगत निघाल्या. आत कॉमेंट्री रंगली होती आणि तिच्यावर ताण करत मुकादम घोरत होता. आठ धोंड्यांवर आठ गोल! वत्सलाने शेवटच्या गोलाला हौसेने दोन डोळेही काढले.

"भिवाजी काका," सरला धावत येऊन म्हणाली, "चुन्याचे आठ दगड तिकडंच राहिले!"

भिवाजीने तंबूकडे पाहिलं. मग पोरांकडे पाहिलं. त्याच्या मिशा हलल्या.

"हुकूम म्हणजे हुकूम!" तो गरजला. "चला रे! घण राहू द्या, दगड उचलाले लागा!"

दगडफोडे हात झटकत उठले. एक धोंडा निघाला, दोन निघाले, आठवा निघाला... आणि नदीवरून वाऱ्याची अशी झुळूक आली की ताडपत्री फडफडली, बांबू कलले आणि सगळा तंबू मुकादमाच्या अंगावर बसला! आतून कॉमेंट्री मात्र चालूच!

नेमकी त्याच वेळी, तीनच्या ठोक्याला, फटफट करत राजदूत मोटरसायकल उतारावर येऊन थांबली. इंजिनीयर साहेब!

"हे काय चाललंय?"

ताडपत्रीतून मुकादमाचं डोकं बाहेर आलं. "कोण्या गाढवानं माहे धोंडे उचलले?"

"चुना होता, मुकादमजी," भिवाजी नम्रपणे म्हणाला.

"तो म्या लावला होता का? उद्या कोणीही चुना लावन, आन् तुमी उचलान?"

सरला पुढे झाली. तिचा आवाज खणखणीत निघाला. "मुकादमजी, दरीतले गोल तरी तुमीच लावले का?"

"हो! म्याच! एकूण एक दगड पारखला, साहेब!"

"मंग एक गोल धबधब्यामागच्या कपारीत आहे. तो कोणत्या बाजूले आहे, डाव्या का उजव्या?"

धबधब्यामागे कपार आहे हेच मुकादमाला आत्ता कळत होतं.

"साहेब, ते गोल मी काढले," सरला म्हणाली. "आमच्या शाळेच्या सहलीसाठी. माह्या गोलामुळं जुनी पायरी फुटली. चूक माही आहे. पण हा दगड तेवढा उलटून पाहा!"

साहेबांनी होकाराची मान हलवली. चार दगडफोड्यांनी पहारी घातल्या, स्वतः साहेबांनीही हात लावला आणि शिळा उलटली.

मातीने माखलेला घोडा पुढचा पाय उचलून उभा होता. भिवाजीने पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

"मुकादम," साहेब सावकाश म्हणाले, "तुम्ही दरीत गेलाच नाहीत. ही मुलं गेली. दरीतला एकही दगड यापुढे हलणार नाही. आणि हा आजच्या आज वर गेला पाहिजे, तुम्ही खांदा देऊन!" मग ते सरलाकडे वळले. "जुन्या दगडाला चुना फासणं चुकलंच तुमचं. पण चारचौघांत आपली चूक सांगायला छाती लागते. शाब्बास!"

घोडेवाला संध्याकाळच्या आत आपल्या जागी उभा राहिला. भिवाजीने बंडीत कडब्याच्या पेंढ्या अंथरून त्याला नेलं आणि मुकादम घामाघूम होत मागून खांदा देत चालला. सरलाने नारळाच्या काथ्याने घासघासून आपला गोल पुसला. पुढचे दोन दिवस चौघांनी दरीतले बाकीचे गोलही पुसले.

शनिवारी साठ मुलं दरीच्या तोंडाशी उभी राहिली. गुरुजींच्या कानावर सगळी हकिगत आली होती. त्यांनी चष्मा पुसून इकडेतिकडे पाहिलं.

"सरला, वाटेवर एकही खूण दिसत नाही. साठ मुलं वर जाणार कशी?"

"खुणा नाहीत, गुरुजी," ती म्हणाली. "वाट मला पाठ आहे."

गुरुजी मुलांकडे वळले. "ऐकलंत? रांग करा. आज सगळ्यांत पुढे सरला!" आणि मग ते स्वतः रांगेत तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "चल, पोरी. दाखव आम्हाला तुझी दरी."

सरलाने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.