आकाशी पायरी

ठिकाणाचं वर्णन —

गिरडच्या टेकडीमागे, तुरीच्या शेतांमध्ये एक पायविहीर. काळा दगड, एक कमान, तळाशी हिरवं पाणी. दगडांच्या सांध्यांत हंसराजाची नाजूक पानं. कमानीत पारवे.

आणि पाण्यालगतच्या पायरीवर पालथा पडलेला एक तरुण. अंगात आकाशी स्वेटर.

या विहिरीबद्दल पुढे जो प्रस्ताव लिहिला गेला, त्यात शेवटची ओळ नव्हती. ती फक्त वर्षालीच्या डोळ्यांत होती. बाजूच्या कोनाड्यात बसून तिनं सांभाराच्या जुड्या धुतल्या होत्या आणि भरली पाटी डोक्यावर घेऊन ती वर निघाली होती. वाटेत हा माणूस आडवा. पाटी निथळली — थेट त्याच्या पाठीवर.

“अहो, पाणी!”

“विहिरीवर पाणीच राह्यते, बाप्पा. तुमी काऊन झोपून राह्यले इथं?”

“झोपलो नाही. मोजतोय.”

“पायरी?”

“तिची झीज. माणसांच्या पायांनी दगड किती खोल गेलाय, ते.”

वर्षालीनं खाली पाहिलं. दगडातल्या त्या खोलगट जागेत तिचा पाय बरोब्बर बसला होता. रोजच बसायचा. रोज बसतो, हे तिला आज कळलं.

“ही कोथिंबीर कुठे नेता?”

“सांभार हाये तो. समुद्रपूरच्या बाजारात.” तिनं एक जुडी त्याच्यापुढे धरली. “घ्या. स्वेटर ओलं केलं त्याची भरपाई.”

जगासाठी महत्त्व —

त्याचं नाव निनाद. साताऱ्याचा, जुन्या वास्तूंची डागडुजी शिकलेला. विदर्भातल्या काही पायविहिरींचा मिळून एक प्रस्ताव जागतिक वारशाच्या यादीसाठी जायचा होता आणि ही विहीर त्यात होती. ती निवडली गेली तर कामासाठी निनाद काही वर्षं इथेच राहणार. नाही, तर उन्हाळ्याआधी परत.

हे त्यानं सांगितलं तेव्हा वर्षाली अंगणात मेथी निवडत होती.

“असं?” ती म्हणाली. एवढंच.

पण त्या दिवशी मेथीच्या काड्या भाजीत गेल्या आणि पाला गाईपुढे. पंचफुला काकू ताटावरच ओरडल्या, “वर्षे, ध्यान कुठी हाये व तुयं?”

ध्यान विहिरीवर होतं. हिवाळाभर तिथेच राहिलं. तो मोजायचा, ती टेपचं दुसरं टोक धरायची.

“जगाले काय करायचं आमच्या विहिरीचं?”

“जगाला सांगायचं, की अशी दुसरी नाही.”

“विहीर?”

टेप त्याच्या हातून सुटली आणि सळसळत, आपोआप, तिच्या बोटांपाशी येऊन थांबली…

अस्सलपणा —

फेब्रुवारीत तपासणीला पाहुणे यायचे होते. त्यांना घ्यायला नागपूरला गेलेल्या निनादचा फोन आला.

“जरा साफसफाई करून ठेवाल? पाहुण्यांना छान वाटलं पाहिजे.”

“तुमी काई फिकर नका करू.”

पाहुणे येणार म्हटलं की इथे काय करतात? घर पोततात. पोळा असो, लग्न असो, सोयरीक असो — चुन्याचा हात फिरल्याशिवाय पाहुण्याला दारात घेत नाहीत. हे पाहुणे तर परदेशातले. म्हणून चुना नाही, ऑइल पेंट. बचत गटाच्या बायका ब्रश घेऊन उतरल्या. रंग आणायचं काम वर्षालीचं. सांध्यांतला हंसराज कचरा म्हणून तिनंच उपटला, एकेक पान.

संध्याकाळी काळी पायविहीर आकाशी झाली होती.

“नवरीवानी दिसून राह्यली!” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी गाडी आली. निनाद सगळ्यांआधी उतरला… आणि उभाच राहिला.

परदेशी बाईंनी कमानीला हात लावला. बोटं आकाशी झाली. त्या हसल्या, रुमालाला बोटं पुसली, हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

“काय म्हन्ते बाई?” काकूंनी विचारलं.

“रंग सुंदर आहे म्हणतात,” निनाद म्हणाला.

काकू खूश झाल्या. वर्षाली त्याचा चेहरा पाहत होती.

“माह्यं काई चुकलं का?”

“छान वाटलं पाहिजे, असं मीच म्हणालो होतो.”

“शिव्या द्या. पण असं गप नका राहू.”

तो गप्पच राहिला. गाडी पाहुण्यांना घेऊन गेली, त्यालाही घेऊन गेली. मार्चमध्ये कळलं — प्रस्ताव पुढे गेला. ही एक विहीर वगळून.

धोके —

एक मुलगी. तिचे दोन हात.

असं वर्षालीला वाटत होतं. त्या हातांत आता खुरपं होतं. बाजार आटोपला की ती विहिरीत उतरायची आणि रंग खरवडायची. रंग निघत नव्हता, दगडावर पांढरे ओरखडे मात्र उठत होते. ती रडत नव्हती. खरवडत होती.

“दगडाला लागतंय!”

कमानीत निनाद. पाठीवर पिशवी.

“तुमी तं गेलते.”

“रजा टाकून आलोय.” त्यानं तिच्या हातातलं खुरपं सोडवून घेतलं. बोटं सोडायला मात्र त्याला जरा वेळ लागला. “गप्प राहिलो, ते चुकलं. रागावलो नव्हतो. रडू येईल, असं वाटत होतं… पाहुण्यांसमोर.”

“मंग आता रडा.”

“आता काम आहे.”

देखभाल —

बांबूची पाती, मऊ ब्रश, रंग सोडवणारं औषध, फडकी. उन्हाळा चढला, पाणी खाली गेलं, आणि एकेक दगड पुन्हा काळा होत वर आला. बायकाही यायच्या. काकू डबा आणून द्यायच्या आणि टोमणाही.

“सरकारी काम हाये का तुमचं, का खासगी?”

निनादचे कान लाल व्हायचे.

मेच्या अखेरीस एका सांध्यातून हिरवा ठिपका डोकावला. हंसराज! दोघांनी श्वास रोखून तो पाहिला. यादीत ही विहीर येणार नव्हती. तरी त्या दिवशी कुणालाच जेवण सुचलं नाही.

शेवटी एकच पायरी उरली. ती, पहिल्या दिवसाची.

“एक विचारू?” निनाद म्हणाला. “हाच रंग का?”

वर्षाली ब्रश धूत राहिली. “दुकानात लय रंग होते. बायाइले पिवळा पसंत होता.”

“मग?”

“तुमचं स्वेटर होतं ना… पह्यल्या दिवशीचं.”

कमानीत पारवे घुमत होते. निनादनं हातातली पाती पिशवीत ठेवली. फडकंही ठेवलं. पिशवी बंद केली.

“ही पायरी राहू दे.”

“नियमात बसते?”

“नाही.”

“मंग? रजा संपली तुमची. कोनासाठी ठेवून राह्यले?”

त्यानं चपला काढल्या. वर्षालीचा पाय सवयीनं त्या खोलगट जागेत होता. त्यानं आपला पाय शेजारी ठेवला — तिथे, जिथे दगड अजून सपाट होता.

“इथे एकाच पायाची जागा झालीय,” तो म्हणाला. “दुसऱ्याची पडायला किती वर्षं लागतील?”

“लय लागतीन.”

“चालेल.”