तिसऱ्या फाटकापलीकडचा कुंभा

उद्यानाला फाटकं तीन, पण आज उघडणार होतं एकच. असं का, हे कोडं साऱ्या सोनखडी गावाला पडलं होतं.

"काय हो डॉक्टर, हे म्हणजे लग्नाला बोलावून नुसतं सरबत पाजून पाठवण्यासारखं झालं!" बोरकरकाकूंनी साजिरीच्या आजोबांना टोमणा मारलाच.

आजोबा नुसते हसले. जुन्या दगडखाणीत रान उभं करायचं आणि ते टप्प्याटप्प्याने लोकांना खुलं करायचं, ही सगळी आखणी त्यांचीच होती.

साजिरीला मात्र हसू येत नव्हतं. तिसऱ्या फाटकाच्या आत, कुंपणापासून दोन-तीन पावलांवर, कुंभ्याचं एक रोप होतं. आईने लावलेलं. ते लावून आई चंद्रावरच्या तळावर गेली होती, तिथल्या धुळीत काही उगवतं का ते बघायला. रोज संध्याकाळी ती पडद्यावर दिसायची, गप्पा मारायची. पण पडद्याला आईचा वास थोडाच येतो? साजिरीला त्या रोपाला एकदा, फक्त एकदाच, हात लावायचा होता.

गर्दी पहिल्या फाटकातून आत शिरली, तशी ती हळूच तिसऱ्याकडे सटकली. कुंपण कमरेएवढंच. तिने एक पाय वर टाकला...

"टिटिव् टिव्! पाय खाली!" राखणदार रोबो धावत आली. काड्यांसारखे लांब पाय आणि सारखा आरडाओरडा, म्हणून तिचं नाव टिटवी.

"माझ्या आईचं झाड आहे ते!"

"नोंद आहे. तरीही पाय खाली."

आवाज ऐकून आजोबा आले. रागावले नाहीत. म्हणाले, "साजू, काल विरजलेल्या दुधाचं दही का नाही गं झालं?"

साजिरी ओशाळली. "मी सारखं भांडं हलवून बघत होते... लागलं का ते."

"आणि सकाळी निघालं पांचट पाणी! अगं, इथेही आम्ही विरजणच लावलंय. खाणीत उरला होता नुसता मुरूम, त्यात जीव नव्हता. म्हणून तुझ्या आईने गुरवाला विचारून देवराईतली (देवाच्या नावाने राखलेल्या रानातली) मूठमूठ माती आणली आणि रोपांच्या मुळाशी घातली. त्या मातीत मायकोरायझा (मुळांशी मैत्री करणारी बुरशी) असते. तिचे धागे केसाहून बारीक. मुळं पोचत नाहीत तिथून ते पाणी आणि क्षार आणतात. त्याबदल्यात झाड त्यांना पानांत बनवलेली साखर देतं."

"मी अगदी हळू चालले तर?"

"तू हळू चालशील. पण तुझ्यामागून अख्खं गाव येईल! माती दाबली गेली की तिच्यातली रंध्रं (हवा-पाणी खेळतं त्या बारीक पोकळ्या) मिटतात, धागे तुटतात. पहिल्या भागात झाडं सगळ्यात आधी लावली. तिथलं दही घट्ट लागलंय, म्हणून आज ते फाटक उघडलं, तेही पायवाटेपुरतं. दुसरं पुढच्या वर्षी. इथे मात्र अजून दूधच आहे."

साजिरीने कुंभ्याकडे पाहिलं. कोवळी पानं वाऱ्यावर हलत होती. एवढी जवळ!

आजोबा हळूच म्हणाले, "टिटवी, कुंभ्याचे धागे कुठवर आलेत गं?"

टिटवीने चोचीतली सुई मातीत खुपसली. तिच्या छातीवरच्या पडद्यावर पांढरी नाजूक जाळी उमटली. "एक धागा कुंपणाखालून बाहेर आला आहे. सध्या साजिरीच्या डाव्या चपलेखाली."

"अगंबाई!" साजिरी टुणकन बाजूला झाली. मग फुरंगटून म्हणाली, "त्याला नाही अडवलंस ते!"

"त्याला पाय नाहीत," टिटवी म्हणाली.

साजिरी खुदकन हसली. मग गुडघ्यांवर बसली आणि तिने त्या जागी अलगद तळवा टेकवला. माती गार होती, जरा ओलसर. बराच वेळ तिने हात उचलला नाही.

संध्याकाळी आई पडद्यावर आली. "गेलीस का गं आत?"

"नाही. तिथे विरजण लागतंय. पण आई, तुझं झाडच बाहेर आलं, मला भेटायला!"

सगळं ऐकताना आईचे डोळे भरून आले. मग तिने एक काचेची डबी पुढे धरली. आत चंद्राची करडी धूळ होती आणि मधोमध चिमूटभर काळी माती. "ही त्याच देवराईतली. अजून काहीच उगवलं नाहीये गं. सारखं वाटतं, झाकण उघडून बघावं."

"नको!" साजिरी ओरडली. "आई, अजिबात हलवू नकोस हं!"