कुणा एकीचा मंगळवार

बारावीचा निकाल लागून आठ दिवस झाले होते आणि अकोटच्या दिशा केंद्रात पाय ठेवायला जागा नव्हती. नगरपरिषदेच्या जुन्या वाचनालयाच्या सभागृहात बारा खाटा ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येक खाटेवर कुणी ना कुणी डोळे मिटून पडलेलं. कपाळाला राखाडी पट्टी, पोटाला रुंद पट्टा. एक मुलगा झोपेत हसावं तसा हसत होता. एक मुलगी हवेतच काहीतरी ढवळत होती. भिंतीलगतच्या बाकांवर आईवडील डबे घेऊन बसले होते आणि आपल्या पोराच्या चेहऱ्यावरून त्याला कुठलं कॉलेज आवडतंय याचा अंदाज बांधत होते.

कार्तिकी गावंडेचा नंबर साडेअकराला लागला.

केंद्रातल्या समुपदेशक निलोफर शेख यांनी तिचा अर्ज वाचला. "एकाहत्तर टक्के. काल नर्सिंगचा दिवस पाहिलास. कसा वाटला?"

"चांगला होता, मॅडम. पाय फार दुखले. एका आजोबांना भरवलं, ते बरं वाटलं. पण मन लागलं नाही."

"आणि आज भूजलशास्त्र. जमिनीखालचं पाणी शोधायचं, मोजायचं, सांभाळायचं. कॉलेज लांब आहे हं, पार सह्याद्रीच्या डोंगरात."

"माहितीये."

"झोप मग."

ज्याला सगळे 'दिवसपट' म्हणत, त्याची कल्पना साधी होती. कॉलेजात शिकणारा एखादा विद्यार्थी स्वतःहून आपला एक दिवस नोंदवून देई. त्याने पाहिलेलं, ऐकलेलं, हाताला लागलेलं, अंगाला जाणवलेलं, सगळं. बारावी झालेल्या मुलांनी पट्टी लावून त्यातले निवडक तास जगून पाहायचे आणि मग ठरवायचं. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला जाणाऱ्या पाचांतला एक मुलगा शिक्षण अर्धवट टाकून घरी येत होता आणि का आलास म्हटलं की बहुतेकांचं उत्तर एकच असायचं: "असं असेल असं वाटलं नव्हतं." माहितीपत्रकांतली हिरवळ आणि हसरे चेहरे पाहून घेतलेला निर्णय तो. दिवसपटाला म्हणूनच एक नियम होता. दिवस साधा हवा. स्नेहसंमेलनाचा नको, सहलीचा नको. ज्याचा दिवस असेल त्याचं नाव मात्र कायम गुप्त. आरशातला आणि आसपासच्यांचाही चेहरा धूसर दिसे आणि कुणी नावाने हाक मारली की त्या जागी बारीक घंटी वाजे.

कार्तिकीने डोळे मिटले आणि ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मंगळवारात जागी झाली.

ती मुलगी होती. खिडकीबाहेर धुकं, खोलीत तीन खाटा, अंगावर गार पाण्याचा शहारा. मग वर्ग. मग दुपारी वीस-पंचवीस जणांसोबत एका जुन्या विहिरीवर. कमरेला दोर बांधून ती मुलगी पायऱ्या संपल्या तिथून खाली उतरली, हातातलं यंत्र खडकाला टेकवलं आणि कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये एक आवाज आला. खडकाच्या आत, कुठेतरी खोल, पाणी वाहत होतं. त्या मुलीच्या छातीत आनंद असा उसळला की अकोटच्या खाटेवर कार्तिकी मोठ्याने हसली. "सापडला! झरा सापडला!" विहिरीतल्या त्या मुलीच्या तोंडून आवाज गेला आणि वरून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण त्या आनंदाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. सकाळपासून होतं. पोटाच्या पट्ट्यातून ते कार्तिकीला सारखं टोचत होतं आणि आधी तिला ते ओळखताच आलं नाही. मेसमध्ये ती मुलगी रांगेत उभी राहिली. ताटात एक पोळी घेतली, वरण घेतलं. मागून दोन पेले पाणी. शेजारच्या मुलींच्या ताटांत भाजी होती, भात होता, दही होतं. संध्याकाळी मैत्रीण म्हणाली, "चल, चहाला जाऊ."

"नको गं, मला पित्त होतं."

कार्तिकीला कळलं, पित्तबित्त काही नाही. ही भूक आहे.

सूचनाफलकापाशी त्या दोघी थांबल्या. मैत्रीण म्हणाली, "निर्वाहभत्त्याचा फॉर्म तू का नाही भरलास?"

"आमचं त्यात बसत नाही. बाबा गेल्यावर आईला पेन्शन आहे ना. उत्पन्न मर्यादेच्या वर जातं."

मग दिवस संपला.

कार्तिकी उठून बसली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते आणि पोटात खरोखर खड्डा पडला होता. निलोफर मॅडमनी तिच्यापुढे राजगिऱ्याचा लाडू ठेवला. "या दिवसपटानंतर सगळेच खायला मागतात," त्या म्हणाल्या. "आणि बहुतेक जण हे कॉलेजही यादीतून काढून टाकतात."

"किती जणांनी पाहिला हा दिवस?"

मॅडमनी पडद्यावर पाहिलं. "तू एकशे सत्त्याऐंशीवी." त्यांनी मागच्यांचे शेरे वाचून दाखवले. मेस चांगली नाही. जेवणाचे हाल. राहण्याचा खर्च परवडणार नाही असं दिसतं. अयोग्य. अयोग्य.

"पण मेस चांगली होती, मॅडम! बाकीच्यांची ताटं भरलेली होती. हीच कमी घेत होती. जेवढं घ्याल तेवढ्याचे पैसे कापले जात असणार तिथे."

निलोफर मॅडमच्या हातातला पेन थांबला. गेली दोन वर्षं त्या हा दिवसपट मुलांना दाखवत होत्या. स्वतः मात्र त्यांनी तो एकदाच पाहिला होता, सुरुवातीला, तोही घाईघाईत.

"फॉर्मबद्दल काय म्हणाली ती? नीट आठवून सांग."

कार्तिकीने सांगितलं. मॅडमनी भत्त्याच्या नियमांचं पान उघडलं. मग म्हणाल्या, "आई पेन्शनवर असेल तर ते कुटुंब निवृत्तिवेतन. तीन वर्षांपूर्वीच्या जूनपासून ते उत्पन्नात धरत नाहीत. नियम बदलला. चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे, ती अजून तिथेच असेल. तिला भत्ता मिळायला हवा. जेवणाचा आणि राहण्याचा, दोन्ही."

"मग तिला सांगा ना!"

"कुणाला सांगू? नाव मलाही कळत नाही. आणि कळायलाही नको. उद्या लोक शोधत यायला लागले तर कोण देईल आपला दिवस?"

"मला तिचं नाव नकोच आहे. निरोप जाऊ शकतो का, एवढंच विचारते."

एकच वाट होती. पाहणाऱ्याने लिहिलेला शेरा, कुणी लिहिला ते न सांगता, दिवस देणाऱ्याकडे जात असे. आवाज स्पष्ट आहे का, प्रकाश बरा आहे का, यासाठी. त्याला जागा चार ओळींची. दोघींनी मिळून त्या चार ओळी तीनदा लिहिल्या आणि तीनदा खोडल्या. शेवटी राहिलं ते असं: कुटुंब निवृत्तिवेतन आता उत्पन्नात धरत नाहीत. तहसीलमधून उत्पन्नाचा नवा दाखला काढा. निर्वाहभत्त्याचा अर्ज ऑगस्टअखेरपर्यंत भरता येतो. झरा सापडला तेव्हा आम्हालाही फार आनंद झाला.

त्या दुपारी निलोफर मॅडमनी कार्तिकीचाही हिशेब मांडून दिला. मुलींना शिक्षण शुल्क माफ, त्यामुळे प्रश्न फक्त राहण्या-जेवण्याचा. त्यातला मोठा भाग भत्त्यातून. उरलेलं 'कमवा आणि शिका'मधून, आठवड्याला दहा तास प्रयोगशाळेत काम करून. कर्ज घ्यायची वेळ आलीच तर ते शेवटी, आणि शिकत असेतो त्याला व्याज नाही. "कागद मात्र आत्ताच काढायचे," त्या म्हणाल्या. "पोरं पैशाअभावी अडतात त्याहून जास्त कागदाअभावी अडतात."

घरी मात्र गोष्ट तेवढी सोपी नव्हती. कार्तिकीचे वडील देवानंद गावंडे नगरपरिषदेत वायरमन होते. मुलीने सगळं सांगितलं ते त्यांनी जेवता जेवता ऐकलं आणि हात थांबवून विचारलं, "पोरी उपाशी रायतात तिथं, अन् तुले तिथंच जायचं हाय?"

"बाबा, ती एकटीच उपाशी राहत होती. तेही माहीत नव्हतं म्हणून."

"तुले तरी सगळं माहीत राहीन कायवरून?"

आई, वर्षाताई, अंगणवाडीसेविका होत्या. त्या म्हणाल्या, "नर्सिंग अकोल्यातच आहे. शनिवारी घरी येशील." बोलण्यात जोर नव्हता, लेकीचा चेहरा त्या पाहत होत्या.

देवानंदांनी ताट संपवलं, हात धुतले. मग म्हणाले, "मले दाखवतीन का ते?"

पालकांनी दिवसपट पाहू नये असा नियम नव्हता. आजवर कुणी मागितला नव्हता, इतकंच. दुसऱ्या दिवशी देवानंद कामावरचा खाकी शर्ट घालूनच खाटेवर आडवे झाले. पट्टा त्यांच्या पोटाला जेमतेम पुरला. बाकावर बसलेली मंडळी आपसांत हसली, मग त्यांच्याकडे बघत राहिली. पन्नाशीकडे झुकलेला तो माणूस डोळे मिटून कुणा अनोळखी मुलीचा दिवस जगत होता. मध्येच त्यांच्या हाताने दोर घट्ट धरल्यासारखी मूठ वळली. चेहरा उजळला. पुढे कपाळावर आठी आली ती शेवटपर्यंत गेली नाही.

पट्टी काढल्यावर त्यांनी लाडू घेतला नाही. बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. कार्तिकी मागे उभी राहिली.

"येवढी भूक असूनबी पोरगी विहिरीत उतरली तवा हसत होती वं," ते म्हणाले. "मी एकोणीस वर्सं खांबावर चढतो. कामात असं हसू मले एखाद्या वेळेसच आलं असंन." मग नळ नीट बंद करून म्हणाले, "तू जाय. पण सगळे फॉर्म भरून जाय. अन् पोटभर जेवजो. पैसे कमी पडले तं लपवू नको."

उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचं खातं. देवानंदांनी तीन दिवस रजा टाकली आणि लेकीला घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढल्या-उतरल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कार्तिकी डोंगरातल्या त्या वसतिगृहात दाखल झाली. भत्त्याचा पहिला हप्ता महिन्याभरात आला. ती खूश होती. खडकांची नावं पाठ होत होती, खोलीतल्या दोघींशी पटत होतं आणि मेसमधली मुगाची भाजी तिला घरच्यापेक्षा आवडू लागली होती; हे तिने आईला सांगितलं नाही.

ती मुलगी मात्र तिला ओळखता आली नाही. वरच्या वर्गांत दीडशे मुली होत्या. सुरुवातीला कार्तिकी प्रत्येकीचा आवाज कान देऊन ऐके. पण दिवसपटात स्वतःचा म्हणून ऐकलेला आवाज बाहेरून ऐकला की वेगळाच वाटतो. मग तिने तो नाद सोडला.

सप्टेंबरात निलोफर मॅडमचा फोन आला. "त्याच वाटेने उत्तर आलंय," त्या म्हणाल्या. "वाचते. 'निरोप मिळाला. आधी दोन दिवस फार लाज वाटली. आपली भूक कुणाला कळत असेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मला वाटलं, लोक विहीर बघतील. वाटलं, दिवस परत मागून घ्यावा. मग अर्ज भरला. मंजूर झाला. दिवस राहू दे.'"

कार्तिकीने ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

"आणि ऐक," मॅडम पुढे म्हणाल्या. "मी सगळे जुने दिवसपट पुन्हा बघायला घेतलेत, रोज दोन. काल नागपूरकडचा एक मुलगा सापडला. सात किलोमीटर चालत वर्गात येतो. मुलं शेरा लिहून गेलीत, 'कॉलेज दमवणारं आहे.' त्याला बसचा मोफत पास मिळतो हे त्याला ठाऊकच नाही. मीच दोन वर्षं बघितलं नाही, कार्तिकी. एकशे शहाऐंशी मुलांना मी लाडू देत बसले."

ऑक्टोबरात कॉलेजने पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारलं, नवा दिवसपट कोण देईल? कार्तिकीने नाव दिलं. नोंदणीच्या सकाळी तंत्रज्ञ सरांनी तिच्या कपाळाला पट्टी लावली आणि समोर संमतीपत्र ठेवलं. प्रत्येक जाणिवेपुढे दोन चौकोन: द्यायची, नाही द्यायची.

"घाई नको," सर म्हणाले. "आवडत नसेल ते वगळ. काही मुलं फक्त डोळे आणि कान देतात."

आदल्या संध्याकाळी कार्तिकी घरच्या आठवणीने न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. कारण काहीच नव्हतं. आईने फोनवर जेवलीस का एवढंच विचारलं होतं. ते रडू आजही छातीत कुठेतरी शिल्लक होतं आणि पट्टी ते पकडणार होती. पुढच्या जूनमध्ये कुठल्या तरी गावातली अनोळखी मुलगी खाटेवर पडून ते अनुभवणार होती.

तिने एकेक चौकोन भरत आणला. शेवटच्या, मनातल्या भावनेच्या चौकोनापाशी तिचा पेन थांबला.

"सर," तिने विचारलं, "बघणारी जी कोणी असेल, ती नुसतं 'इथे रडू येतं' असं लिहून निघून जाईल, की का म्हणून विचारेल?"