पिवळं तिचं, पांढरं त्याचं

"एक उकडलेलं अंडं द्या. पण मला फक्त पिवळं हवंय."

खानावळीतल्या आचाऱ्यानं मान वर केली. "आणि पांढरं काय, कोंबडीला परत करू?"

शेजारच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारी ती मुलगी खुदकन हसली. "तुम्ही खा ना!"

तिला संधिवात होता. स्वतःचंच शरीर सांध्यांवर उलटलेलं. सकाळी बोटं अशी आखडायची की चिमटाही धरवायचा नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी गहू, दूध, अंडी, सगळं बंद करायला लावलं आणि काय सांगू, बोटं सुटली! आता एकेक पदार्थ परत खाऊन बघायचा, मध्ये काही दिवस थांबायचं. अंड्यातही आधी पिवळं, मग पांढरं. घरी आईनं धास्तीनं अंडी आणणंच सोडलं होतं, म्हणून ती इथे आलेली.

पिवळं सोसलं. मग ती रोजच यायला लागली. पिवळं ती खायची, पांढरं तो.

"मीठ?"

"चालतं."

"मिरपूड?"

"अजून नाही."

"आणि मी...?"

"आं?"

"मी—मी पाणी आणतो म्हटलं!" कानापर्यंत लाल होऊन तो आत पळाला.

एक दिवस ती म्हणाली, "आज पांढरंही मीच खाणार. बघायचंय."

त्याचा चेहराच उतरला. "म्हणजे माझी सुट्टी?"

ते तिच्याही मनात आलं होतं. पांढरं सोसलं, तर वाटून खायला निमित्तच उरणार नव्हतं. आणि नाही सोसलं, तर बोटं गेली, काम गेलं! डोळे मिटून तिनं अख्खं अंडं संपवलं.

दोन दिवसांनी सकाळी बोटं टम्म सुजली. रडू येत होतं, आणि तरी, अगं बाई, मनात उकळ्या फुटत होत्या! तशीच ती धावत खानावळीत गेली.

"नाही सोसलं," तिनं हात पुढे केला.

तो पांढराफटक पडला. "माझंच चुकलं. मी मनात सारखा म्हणत होतो, हिला पांढरं सोसू नये... म्हणजे तुम्ही येत राहाल."

"वेडा कुठला! अंड्याशिवायही आले असते की मी. आवडतोस तू मला!"

"खरंच?" त्यानं आनंदानं तिचा हात गच्च धरला.

"आई गं—दुखतंय!"

त्यानं चटकन हात सोडला.

"हळू धर म्हटलं," ती म्हणाली. "सोडायला कुणी सांगितलं?"