चौथ्या खांबावरचा बल्ब

मंजुषाचा डावा डोळा गेला, असा लातूरच्या दवाखान्यातून फोन आला. उदगीरच्या फौजदार दीपमालांनी चहाचा कप टेबलावर आपटला. अकरावीतली पोर आदल्या संध्याकाळी मैदानावर कबड्डीचा सराव करत होती. चौथ्या खांबावरचा मोठा बल्ब फुटला. दिव्याला पुढची काचच नव्हती, तापलेले तुकडे थेट तिच्या तोंडावर पडले.

कोठडीत वायरमन भागवत बसला होता.

"बल्ब तू बसवलास?"

"हाव, दिवाळीत. समदे चारशे वॅटचे. चोकबी चारशेचेच."

दीपमालांनी उतरवलेला दिवा पाहिला. बल्बला वीज मापून देणाऱ्या चोकवर ४०० होतं. होल्डरमध्ये उरलेल्या काचेच्या मानेवर मात्र २५०. शेजारी तीन पांढऱ्या रेघा भाजून बसल्या होत्या.

मैदानाबाहेर सरजाबाई चहा विकायची.

"ह्यो दिवा आधी समद्यात मंद होता. परवापासून त्याचा उजेड लई पांढरा पडून राहिला होता."

"परवा भागवत आला होता?"

"न्हाई. त्यो भैनीच्या लग्नाला लोह्याला गेलता. काल सांजंला आला."

चोर सोडून संन्याशाला फाशी! दीपमालांना आपल्याच ठाण्याचा संताप आला.

भागवतविरुद्ध तक्रार उमाशंकरची होती. त्याचं विजेच्या सामानाचं दुकान, आणि चौथ्या खांबावरचा दिवा त्यानंच वडिलांच्या स्मरणार्थ दिलेला, खाली त्यांच्या नावाची पाटी. दुकानात विक्रीचे पंखे, मिक्सर कोरे होते. गल्ला, स्कूटर आणि त्याचा स्वतःचा टेबलफॅन यांवर मात्र विभूतीची तीन बोटं होती.

"त्या दिव्याला हात लावलात?"

"मी कशाला लावू? भागवतनं चुकीचा बल्ब बसवला."

"खोटं बोलू नका. माझ्याही घरी नवी वस्तू विभूतीशिवाय चालू होत नाही. विकायच्या मालाला तुम्ही ती लावत नाही, स्वतः चालू करायच्या वस्तूलाच लावता. फुटक्या बल्बवर तीच तीन बोटं आहेत. भागवत लोह्याला असताना तो तुम्ही बदललात. दोन्ही बल्बांची चुडी, म्हणजे फिरवून बसवायचे आटे, सारखी, म्हणून अडीचशेचा बसला. पण चारशेच्या चोकवर तो झेपेल त्याहून जास्त पेटतो, लखलखतो आणि फुटतो. दुकानदाराला हे माहीत नव्हतं?"

उमाशंकर खाली बघू लागला.

"नवा चारशेचा बाकीच्यांइतकाच उजेड पाडतो. कबड्डीच्या फायनलला पावणे येणार, बाबांचा दिवा उठून दिसावा वाटलं. दोन दिवस तर टिकंल, म्हणलं."

"आणि फुटल्यावर भागवतचं नाव घेतलंत. लाज नाही वाटली?"

त्यानं हात जोडले.

"मॅडम, बाबांची पाटी तेवढी काढू नका."

"राहू द्या. ती पोर उरलेल्या डोळ्यानं रोज वाचील."

मग त्यांनी भागवतला सोडायला ठाण्यात फोन लावला.